देवीदास पैलवानाची नर्सिंगची आवड

२४ जुलै २००६
मानसशास्त्र विभागाचा चाचणीसंच एकदाचा आला. बुद्धिमापन आणि अभिरुची, दोन्ही. गजानन महाराजांना फूल वाहून बॉक्स उघडला. चांदूर बाजारच्या पोरांना आता अंदाजपंचे सल्ला बंद. शेतीचे हे असे दिवस. चुकीच्या कोर्सात वर्ष घालवणं कुणाला परवडतं? अकोल्याच्या सेमिनारला पेपरही वाचीन. जठारपेठेत साडूकडे उतरायचं.

२६ जुलै
नत्थुजी भेटले. आमच्या प्रथम वर्षातल्या पौर्णिमाचे वडील. तिला अमरावतीला नर्सिंगला जायचंय, त्यांना दिवाळीनंतर तिचं लग्न उरकायचंय. म्हणाले, "तुमची मशीन जे म्हनन, ते मले मंजूर." मशीन नव्हे, चाचणी, हे समजावलं. मान डोलावली. एका घराला दिशा मिळाली.

२८ जुलै
चाचणी घेतली. वर्गात इतकी शांतता प्रथमच. मुलं अधूनमधून मान वळवत होती. चिंतनात असं होतं. मीही डोळे मिटून नामस्मरण केलं. लक्ष होतंच.

३० जुलै
गुण काढले. अद्भुत! अख्ख्या वर्गाची आवड एकच: रुग्णसेवा. देवीदास पैलवानाचीसुद्धा! बुद्ध्यांकही सगळ्यांचा सारखा, तोही वरचा. पेपरचं शीर्षक ठरलं: 'संकटकाळातील वऱ्हाडी युवकांचा सेवाभाव'.

३१ जुलै
इतिहासाचे परवेज सर हसत सुटले. "सर, सगळ्यांनी पौर्णिमाचं पाहून लिहिलं!" आवडीची कॉपी कोण करेल? इतिहासवाल्यांना सगळीकडे कट दिसतो. तरी देवीदासला विचारलं. म्हणे, "पेपर म्हटला का पाहाच लागते, सर. आमची आवड चुकली असती तं?"

२ ऑगस्ट
बसस्टँडवर चारचौघांत नत्थुजी: "देवीदासबी नर्स होऊन राहिला म्हने! मशीन बिघडली तुमची. मी पोरीसाठी पोरगा पाहून राहिलो." पौर्णिमा मागे उभी. माझ्याकडे बघत होती. खरं सांगावं तर सेमिनारचा पेपर जातो. गप्प राहिलो. मौन ही साधनाच आहे.

३ ऑगस्ट, गुरुवार, सकाळ
पूजेत मन लागलं नाही. नत्थुजींकडे जायचं ठरवलं. शास्त्रशुद्ध मुद्दे तयार. माझ्या वाणीपुढे ते टिकणार नाहीत.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
मुद्दे ओसरीवरच विसरलो. सरळ सांगितलं: कॉपी झाली, मी डोळे मिटून बसलो होतो, खरा पेपर एकट्या पौर्णिमाचा. अकोला रद्द.
नत्थुजी सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सारे पोट्टे हिचंच पाहून लिवत होते?"
हो म्हणालो.
"पैलवानबी?"
तोही.
"मंग जाऊ दे तिले अमरावतीले."
आत कुणाच्या तरी हातून ताट पडलं. मी चाचणीच्या या यशाबद्दल दोन शब्द बोलायला लागलो, तर त्यांनी अडवलं. "सर, तुमी शिकत होते तवा तुमचं पाहून कोनी लिवत होतं काय?"
घरापर्यंत आठवत आलो. जेवण झालं. अजून आठवतोय.