कणगीतली पिलं

पौष वद्य ३
आज बंदी मोडून गावात गेले. उंदीर पडायला लागल्यावर घाईघाईनं गाव मोकळं करून सारे माळावर झोपड्यांत आलो, त्यात देवाचं तबक घरातच राहिलं. तेव्हापासून आत्याबाई नीट जेवत नाहीत. सासू उपाशी नि सून जेवते हे किती दिवस चालणार, म्हणून गेले. वेशीत कोणी नव्हतं. दारांना कुलपं, आळीत आपल्याच पायांचा आवाज.
चुलीपाशी आमची मांजर मरून पडलेली. अंगावर जखम नाही. प्लेगचा उंदीर खाल्ला असावा. जास्त पाहत बसले नाही. निघणार तेवढ्यात भाताच्या कणगीतून बारीक म्यावम्याव. तिची चार पिलं, डोळे मिटलेले.
तबक राहिलं ते राहिलंच. पिलं पदरात घेऊन माळावर आले. आत्याबाई म्हणाल्या, "देव आनाया गेलीस, आन् ह्ये काय घिऊन आलीस?"

पौ. व. ४
हे फार चिडले. मास्तराचीच बायको बंदी मोडते तर बाकीच्यांना काय सांगायचं? शिवाय मांजर प्लेगनं मेली असेल तर पिलांच्या अंगावर तिच्याच पिसवा. भोरहून आलेले डॉक्टर टोचणीच्या वेळी सांगून गेले, प्लेग पिसवांवाटे येतो. ते मीही ऐकलं होतं, बहिरी नाही. (आत्याबाईंनी तेवढं ऐकलं नाही. डॉक्टर दिसताच लोटा घेऊन ज्या गेल्या त्या सुई गावाबाहेर जाईपर्यंत आल्या नाहीत.)
मी विचारलं, मग कणगीवर झाकण घालून यायचं होतं का? हे म्हणाले, "हो."
दूध मुलाण्याच्या हमीदाबीच्या शेळीचं. तिनं वाटी धोंड्यावर ठेवली नि लांब उभी राहिली. "मास्तरीनबाई, राग धरू नगा. माजी ल्येकरं हायेत." राग कसला. मीही तेच केलं असतं.
वात दुधात बुडवून तोंडात देते. तिघं चोखतात. चौथं, करडं, नुसतं तोंड फिरवतं.

पौ. व. ५
पिलांची पोटं टम्म. रात्रभर केकाटली. काय चुकतंय कळेना. मग आठवलं, मांजर त्यांना मागून सारखी चाटत असते. ओलं फडकं घेऊन तसंच पुसत राहिले. एकेक करून मुतली. मला इतका आनंद झाला की आत्याबाईंना हाक मारून सांगितलं.
"मंग आता बारसंच घालू की," म्हणाल्या. पण उठून बघून गेल्या.

पौ. व. ६
पाटील आले. झोपडीत आले नाहीत, बांधावरच थांबले. बरोबर माणूस आणला नव्हता, म्हणजे तमाशा नको असावा.
"मास्तर, मांजर मारायचं पाप म्या डोक्यावर घेत न्हाई, तुमाला बी घ्या म्हनत न्हाई. पर माळावर एकाला जरी ताप आला, तर पिलं वड्यापल्याड सोडून यायची. मारायची न्हाई, सोडायची."
ओढ्यापल्याड कोल्हे आहेत हे त्यांना ठाऊक, आम्हालाही ठाऊक. पाप कोल्ह्यांच्या माथी. शब्द अगदी ओठावर आला होता, गिळला. यांनी "ठीक" म्हणून सांगितलं. मला विचारलं नाही.
पाटील जाता जाता म्हणाले, "आन् पिसवा दिसता कामा न्हाई."

पौ. व. ८
हे भोरला गेले. टोचणी झालेल्यांची नावं लिहायला संस्थानचं बोलावणं आलं. शाळा बंदच आहे. निघताना पिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. गेल्यावर लक्षात आलं, टोपलीच्या बाजूनं वारा येत होता तिथं गोणपाट लावून गेलेत.

पौ. व. ९
लिहवत नाही. तरी लिहिते.
मी दुधाला गेले तेवढ्यात आत्याबाईंनी पिसवा मारायच्या म्हणून पिलांना करंजेल चोळलं. नुसतं चोळलं नाही. पाय लांब करून, बाळाला घेतात तसं एकेकाला पायांवर आडवं घेतलं, तेल, मग ऊन पाणी, मग ओव्याची धुरी. अर्ध्या गावाची बाळं त्या पायांवर न्हाली आहेत. माझी मुलगीही. ती इन्फ्लुएन्झाच्या साली गेली.
मी आले तर चारही जुन्या लुगड्यावर ओळीनं ठेवलेली. आत्याबाई खूश. "बग कशी निगाली!" पिलं लटलट कापत होती. वारा तर असा की हाडात शिरावा. तेल पुसून पुसून निघेना. तिघांना चुलीपाशी धरलं तेव्हा जरा हलली. करडं हललं नाही.
"बाळाला असंच करत्यात," आत्याबाई म्हणाल्या.
मी म्हणाले, "पाटलांनी घेतलं नाही ते पाप तुम्ही घेतलंत."
खुरपं घेऊन बाहेर गेल्या. खड्डा त्यांनीच खणला.

पौ. व. १०
आत्याबाई जेवल्या नाहीत. तिन्ही पिलं ओच्यात, पोटाशी धरून बसल्यात. माझ्या हातात देत नाहीत. त्यांना ऊब मिळते म्हणून मीही मागत नाही. दूध पाजायला तेवढी पुढे करतात.
क्षमा मागायची म्हणून दोनदा जवळ गेले. एकदा म्हटलं, शेळीचं दूध पातळ वाटतंय. दुसऱ्यांदा तेही सुचलं नाही. लहानपणापासून जीभ अशीच. माहेरी आई म्हणायची, सासरी कळेल. सासरी कुणी कधी काही म्हणालंच नाही, म्हणून वाढली.

पौ. व. ११
एकानं डोळा उघडला. एकच. आत्याबाईंनी हाक मारली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "बग गं, कसं बगतंय. चोरावानी." दोघी हसलो. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, भाकरी करपंल."
हमीदाबीनं आज वाटी हातात दिली.

पौ. व. १२
माळावर अजून कोणाला काही नाही. पण खालच्या झोपड्यांत कोणी खोकलं तरी मी हातातलं काम थांबवते. पाटलांचा माणूस सकाळी झोपडी-झोपडी विचारत जातो, "समदी बरी?" आमच्याकडून आत्याबाईच ओरडून सांगतात. त्यांना ते काम आवडतं.
आज आंघोळ नको म्हणाल्या. पाणी तापवून देते म्हटलं, तरी नको. कपाळाला हात लावायला गेले तर पिलांचं निमित्त करून तिकडे वळल्या. म्हातारपणी थंडी बाधते, असं मनाला सांगितलं.

पौ. व. १४
काल लिहिलं नाही. काही विशेष नव्हतं, किंवा पाहायचं नव्हतं.
आज सकाळी "समदी बरी?" ही हाक आली. आत्याबाईंनी "बरी" सांगितलं, पण बसूनच, नि आवाज पोचला नाही. त्याला पुन्हा विचारावं लागलं. मग भाकरी देताना त्यांचा हात लागला. तव्यासारखा.
कधीपासून? "परवापास्नं."
मी म्हटलं, आत्याबाई, ताप लपवायचा नाही, साऱ्या माळाचा प्रश्न आहे.
"सांगितलं तर ह्यास्नी वड्यापल्याड न्येत्याल. एकाचा डोळा अजून मिटल्याला हाय."
काखेत गाठ आहे का बघू द्या म्हटलं. हात अंगाशी घट्ट धरला. मी पुढे सरकले तशा मागं सरल्या, पार गोणपाटापर्यंत.
"हितं येऊ नगंस. आदी पिलं उचल माज्याजवळची. माजं त्यास्नी लागंल."
मला रडू आलं. त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते, मुलगी गेली तेव्हाही नाही. पिलं उचलली. एकाची नखं लुगड्यात अडकली होती, ती सोडवताना म्हणाल्या, "हळू."
टोपली बाहेर उन्हात ठेवली आहे. हे आज येतो म्हणाले होते, पण गाडी मिळाली तर. पाटलांचा माणूस अजून खालच्या झोपड्यांपाशीच आहे, हाक मारली तर ऐकू जाईल. साधा थंडीतापही असेल. असतो या दिवसांत.
आत्याबाई आतून विचारतात, दूध पाजलं का. पाजलं म्हणून सांगितलं. अजून पाजलेलं नाही. आता आत जाते, त्या नको म्हणाल्या तरी. हात वर करायला लावते. हाक मारायची ती त्यानंतर.