भिंतीपलीकडची कॉर्डेलिया

प्रिय मर्लीन,

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का गं तुझा?" मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती.

आमचा टॉवर तू पाहिलेला नाहीस. नदीच्या बाजूला काचेचं मोठं दार, ताजी फुलं, सुटातला रखवालदार. ते घरं विकत घेणाऱ्यांसाठी. आम्हा काउन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या स्वस्त घरांतल्या भाडेकरूंचं दार मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या खोलीला लागून. आतून वाट नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कॉर्डेलिया राहायची. गोरी, म्हातारी, एकटी आणि जिभेची तिखट. नदीकाठच्या बाकावर ओळख झाली तेव्हा म्हणाली, "म्हणजे आपण शेजारणी! आणि भेटायचं तर एवढा वळसा? कुठल्या गाढवाने बांधलंय हे?" तिने केक खायला बोलावलं, तर रखवालदार फेमीने मला दारातच अडवलं. आपल्यासारखाच काळा पोरगा. "आंटी, रागावू नका. मागच्या लोकांना इथून सोडायचं नाही, असा हुकूम आहे." कॉर्डेलिया खाली येऊन भांडली, तरी नाहीच. मग आम्ही ठरवलं, दुपारी चहा ओतला की भिंतीवर टकटक करायची. पलीकडून उत्तर आलं की एकत्र चहा घेतल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात एका दुपारी तिची टकटक थांबेचना. मी उत्तर देत होते, तरी चालूच. आवाज हळूहळू खाली सरकत जमिनीलगत आला. मी पोलिसांना फोन केला आणि धावत समोरच्या दाराशी गेले. "फेमी, बाई पडलीये, वर जाऊ दे!" त्याने इमारतीच्या ऑफिसला विचारलं. ऑफिस म्हणालं, मागच्यांनी तक्रार मागच्या नंबरवर करावी. मी काचेवर मुठी आपटत होते आणि लोक माझ्या शेजारून आत जात होते, नजर चुकवून. पोलिसांनी कुलूप फोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती. थंडगार.

डॉक्टर म्हणाले, ती आदल्या दिवशीच गेली होती.

आता पलीकडे सामानही उरलेलं नाही. तरी मी चहा ओतला की टकटक येते. एकदा मी उत्तर दिलं नाही, तर आवाज पुन्हा जमिनीकडे सरकू लागला. तेव्हापासून देते.

उद्या तिच्या मृत्यूची चौकशी आहे. इमारतीच्या कंपनीचा वकील येऊन गोड बोलून गेला, "बाई आधीच गेल्या होत्या. तुम्हाला अडवल्याने बिघडलं काय?" माझ्या खालच्या मजल्यावरचा डेल्रॉय म्हणतो, "टकटक आदल्या दिवशी, ती जिवंत असताना ऐकली आणि तेव्हाही अडवलं म्हणून सांग, म्हणजे कंपनीवाले कचाट्यात सापडतील." मी ऐकलं तेच सांगणार आहे, मर्लीन. मग मला वेडी ठरवतील, म्हणून आज शुद्धीत तुला लिहून ठेवते. मला अडवलं तेव्हा ती गेलीये हे मला ठाऊक नव्हतं, फेमीला नव्हतं, ऑफिसलाही नव्हतं. त्यांच्या लेखी ती जिवंत होती गं. आणि तरी त्यांनी दार उघडलं नाही.

तुझीच धाकटी,
डॉरेट