समुद्राच्या पोटातील बावीस मिनिटांविषयी माझे लेखी म्हणणे

मी, खाली सही करणारा (नाव तुला पाठ आहे, म्हणून येथे शाई खर्च करीत नाही), वय वर्षे सत्त्याहत्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, मनोरंजन पार्कातील मोठ्या आकाशपाळण्याचा चालक म्हणून एकोणचाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त, सध्या पार्क-शौकीन मंडळाचा अध्यक्ष (बिनविरोध, कारण बैठकीच्या खुर्च्या माझ्या घरच्या आहेत), पूर्ण शुद्धीवर राहून आणि सकाळचा चहा घेऊन पुढील मजकूर लिहून देत आहे.

प्रिय धाकट्या बहिणीस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठीक असावी. मेहुण्यांच्या गुडघ्याचे काय झाले ते कळव, परंतु थोडक्यात कळव. मागील खेपेस त्यांनी स्वतः तो विषय हाती घेतला तेव्हा माझा चांगला गुडघाही दुखू लागला होता. परवा तू फोनवर म्हणालीस, "दादा, तू होतास ना त्या बोटीत? मग जे झालं ते लिहून दे, सोमवारी चौकशीत मॅनेजरसाहेबांपुढे ठेवू. आणि हे बघ, अर्ध्या पानात लिही." तुझ्या विनंतीचा पूर्वार्ध मी मान्य करतो.

मुद्दा मला ठाऊक आहे. तुझे चिरंजीव, म्हणजे माझे भाचे, नव्या 'समुद्राच्या पोटात' या राइडवर फिटर आहेत आणि नोकरी कायम होण्यास दीड महिना उरला असता त्यांना घरी बसवले आहे. ठपका असा की, शौकिनांसाठी ठेवलेल्या पहिल्याच फेरीत बोट बंद पडली, ती त्यांच्या हयगयीमुळे. आणि वर त्यांनी नोंदवहीत खोटे लिहिले. सोमवारी याचा सोक्षमोक्ष लागेल. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगतो, आणि क्रम म्हटला की आरंभापासून सांगणे भाग आहे.

आमच्या मंडळात अकरा सभासद आहेत. लोक आम्हांस रिकामटेकडे समजतात (मेहुणे तर ते बोलूनही दाखवतात), परंतु कोणतीही राइड कशी असावी याची बारा कलमे आम्ही ठरवली आहेत, आणि ती वापरून आजवर सहा पार्कांतील राइडना गुण दिले आहेत. उदाहरणार्थ, कलम दोन: रांगेत उभ्या माणसास आपण रांगेत आहोत हे कळू नये. कलम पाच: खडक बोटाने ठोकला असता डब्यासारखा वाजू नये. कलम सात: अंधार असेल तर तो पूर्ण असावा, बाहेर पडण्याचा हिरवा दिवा शार्कच्या तोंडातून दिसू नये. कलम नऊ: पाणी खोल दिसावे, परंतु असू नये. प्रत्येक कलमास दहा गुण. मतभेद झाल्यास मतदान, मतदानात बरोबरी झाल्यास अध्यक्ष, आणि अध्यक्षाबद्दल मतभेद झाल्यास खुर्च्या.

आता ही राइड. ती उभी करण्यासाठी जुना भुतांचा बंगला पाडला, त्यामुळे निम्मे मंडळ ती पाहण्याआधीच तिच्यावर नाराज होते. मी स्वतः निःपक्षपाती आहे. नवे ते वाईट असे मी कधीच म्हणत नाही. ते ज्याचे त्यालाच दाखवू देतो. आमच्या बोटीत आम्ही चौघे बसलो: मी, शिंपी (पोशाखांचे गुण त्याच्याकडे), टंकलेखक बाई (निवृत्त, घड्याळ आणि वही त्यांच्याकडे) आणि भूगोलाचे मास्तर, ज्यांच्याकडे खडक असतात. पहिल्याच वळणावर मास्तरांनी हात लांब करून खडक ठोकला. तो डब्यासारखा वाजला. मास्तर म्हणाले, "ज्वालामुखीचा म्हणून रंगवलाय आणि आत थर्माकोल. या खडकाला मी तोंडी परीक्षेतही पास करणार नाही." पुढे अष्टपाद आला. बाईंनी पाय मोजले, ते सात भरले. (आठवा भिंतीकडील बाजूस आहे असा खुलासा नंतर झाला. तो आम्ही स्वीकारला नाही. जे गिऱ्हाइकास दिसत नाही ते नाहीच.) त्यानंतर भिंतीवर सिनेमा लावून मासे दाखवले. शिंपी म्हणाला, "मासे पडद्यावरच बघायचे तर मी घरी लोळत बघेन, तिथे मांडीवर असला लोखंडी दांडाही नसतो." मला हे मत शब्दशः मान्य आहे. आकाशपाळण्यात आम्ही माणसास खरोखर उंच नेत असू. उंचीचा सिनेमा दाखवून खाली सोडत नसू.

बुडालेल्या जहाजासमोर बोट आली तेव्हा मी कलम नऊप्रमाणे पाण्याची खोली तपासली. ती पोटरीइतकी भरली, म्हणजे कलमास धरून. त्याच सुमारास बोट थांबली.

येथे मी तुला आमच्या शास्त्रातील एक गोष्ट समजावतो. उत्तम राइडमध्ये एक विराम असतो. सगळे वेगात चालले असता गाडी मध्येच थांबते, काही घडत नाही, आणि माणूस मांडीवरचा दांडा घट्ट धरतो. हल्लीच्या राइडमध्ये हा विराम राहिलेलाच नाही, सगळी नुसती धावपळ, अशी तक्रार आम्ही पार्काकडे तीन वेळा लेखी केली होती. त्यामुळे बोट थांबताच आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. बाई हळूच म्हणाल्या, "ऐकलं हो आपलं त्यांनी." मास्तरांचे डोळे पाणावले. आम्ही गप्प बसून विराम अनुभवू लागलो.

पाच मिनिटांनी मोटारीचा आवाजही बंद झाला. शिंप्याने लगेच दोन गुण वाढवले. दहाव्या मिनिटास वरून आवाज आला की, घाबरू नका, बसून राहा, बोट लवकरच सुरू होईल. हा बुडालेल्या जहाजाचा कप्तान असावा, यावर एकमत झाले. त्यास सर्दी झाल्यासारखी वाटली, परंतु इतकी वर्षे पाण्यात राहिल्यावर ती व्हायचीच, असे मास्तरांनी दाखवून दिले. पंधराव्या मिनिटास मागील बोटीतील एका सभासदाची लहान नात रडू लागली. बाईंनी 'परिणाम' या सदराखाली नोंद केली.

विसाव्या मिनिटास अंधारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली एक आकृती हाती बॅटरी घेऊन पाणी तुडवीत आली. आली ती थेट आमच्याच बोटीकडे. शिंप्याने पोशाख तपासला आणि माझ्या कानात म्हणाला, "चिखल हातानं लावलाय, पण काय बेतानं लावलाय. बॅटरी तेवढी त्या काळातली नाही." प्रकाश वर झाला तेव्हा मी पाहिले की ते तुझे चिरंजीव आहेत. मी तुला खरे सांगतो, मला अभिमान वाटला. आपल्या घराण्यात फिटर झाले, चालक झाले, मेहुण्यांसारखे बसून राहणारेही झाले, परंतु नट कोणी झाला नव्हता. मी त्यास डोळ्यांनी खुणावले की, म्हण, संवाद म्हण. तो म्हणाला, "मामा, हात आत घ्या." एवढेच. शिंप्याच्या मते संवाद तुटक होता, परंतु तळमळीने म्हटला. मग त्याने बोटीखाली खांद्यापर्यंत हात घातला, बराच वेळ चाचपडला, काहीतरी उपसून पाठीमागे धरले आणि हात वर केला. बोट चालू लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने मान खाली घातली, ती मी विनय समजलो.

आम्ही त्याच दुपारी गुणपत्रक मॅनेजरसाहेबांस सादर केले. खडक दोन, अष्टपाद सात (पायामागे एक), पडदा शून्य. परंतु विराम दहापैकी साडेनऊ. शेरा असा: "विराम अत्यंत परिणामकारक. कालावधी बावीस मिनिटे चौदा सेकंद. दर फेरीस ठेवावा." खाली चौघांच्या सह्या. मॅनेजरसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि राइडची नोंदवही मागवली. तीत तुझ्या चिरंजीवांनी लिहिले होते: बोट थांबली, चार मिनिटे. कारण: पाण्यात पाचोळा. चार भिंती आणि छप्पर असलेल्या गुहेत पाचोळा कोठून आला, असा प्रश्न साहेबांनी विचारला. तेव्हापासून ते घरी आहेत, आणि जो कागद आम्ही कौतुकाने दिला तोच त्यांच्याविरुद्धचा एकमेव पुरावा आहे.

या सर्वांवरून माझे स्पष्ट मत असे की, दोष फिटरचा नसून रचनेचा आहे. ज्या राइडमध्ये बोट आणि तळ यांत चार बोटांचेही अंतर ठेवलेले नाही, तेथे बोट थांबणारच. ज्याने हा नकाशा काढला त्यास आमच्या बारा कलमांपुढे उभे करावे. फिटरने आपले काम चोख केले, हे मी डोळ्यांनी पाहिले. येणेप्रमाणे लिहून दिले ते खरे असे.

तुझा दादा

ताजा कलम. वरील मजकुरात खोटे एकही अक्षर नाही. थोडे कमी आहे. पाण्याची खोली मी तपासली असे लिहिले. कशाने, ते लिहिले नाही. काठीने तपासली. ती तळाशी कोठेतरी गुंतली आणि हातातून सुटली. अध्यक्षाची काठी पाण्यात पडली हे सभासदांसमोर कसे सांगावे, म्हणून मी विरामाचा आनंद घेत असल्याचे दाखवले. (पहिली पाच मिनिटे. पुढे खरोखरच घेऊ लागलो, हे अधिक वाईट.) दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे चिरंजीव वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठी, दोन तुकडे, माझ्या दारात ठेवून गेले. मी आत होतो. त्यांनी हाक मारली नाही. बोट पाच मिनिटांहून जास्त थांबली तर कारणाची चौकशी होते, आणि बोटीबाहेर काही घालणाऱ्यास पार्काचे दार जन्मभर बंद, हा नियम त्यांना ठाऊक आहे. हा दुसरा नियम मीच नोकरीत असताना करवून घेतला होता.

आणखी एक. हा ताजा कलम मी मुद्दाम शेवटच्या पानाच्या पाठीवर लिहिला आहे. तुझा स्वभाव मी लहानपणापासून ओळखतो. तू तो फाडायला जाशील, तर पुढील बाजूची माझी सहीही फाटेल. तेव्हा पत्र आहे तसेच जाईल.

आणखी एकच, आणि पत्राचे कारण हेच. सोमवारी अकरा वाजता तू माझ्याबरोबर साहेबांकडे यावेस. बोलायचे ते मी बोलेन. तू फक्त बाजूस उभी राहा. आकाशपाळणा मी एकोणचाळीस वर्षे एकट्याने चालवला, परंतु त्या खोलीत एकट्याने जाणे मला जमेल असे वाटत नाही.

हे लिहिताना हजर: शिंपी, सही केली. टंकलेखक बाई, ताजा कलम वाचून चष्मा पुसला, शेरा दिला नाही, सही केली. तुझे चिरंजीव, दारात उभे होते. "मामा, हे नका पाठवू" एवढे म्हणाले आणि सही करण्यास नकार दिला. त्यांचा विरोध नोंदवून घेतला आहे.