मुलाखत घेणारीचं नाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांती हिस संयोगिताआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर बोललेलं मागाहून सापडत नाही, म्हणून पत्राचा हट्ट मी धरते आणि तू तो पाळतेस, हे ठीक. अक्षर मात्र सुधार. हैदराबादेत राहतेस हे ठाऊक होतं म्हणून पत्ता वाचता आला.

मार्चअखेर प्रबंध द्यायचा आणि संदर्भ अजून वहीच्या मागच्या पानांवर, हे वाचून राग आला. तुझ्या गाईडनी झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं, म्हणजे त्यांनाही आला असणार. तीस वर्षं मी कॉलेजात इतिहास शिकवला. विचार चुकलेला विद्यार्थी सुधारतो, संदर्भ हरवलेला सुधारत नाही. तेव्हा शीक. जमत नाही, डोकं दुखतं, हे मला लिहू नकोस.

तुझा बाप रविवारी तिकडे येतोय. त्याच्याबरोबर माझी पत्र्याची पेटी पाठवते आहे. आत तीनशे बारा कार्डं आहेत. आपल्याकडच्या चपलेच्या पट्ट्यावर चामड्याची बारीक वेणी असते, ती बायका घरात बसून घालतात. १९८७-८८ साली अशा बायकांना भेटून घेतलेल्या त्या मुलाखती. तुझ्या प्रबंधाचा विषय तोच, तेव्हा आता त्या तुझ्या. कार्डांच्या पाठीवर अनोळखी लोकांच्या लग्नपत्रिका दिसतील, त्याला हसू नकोस. माझी मैत्रीण सलमा, तिच्या वडिलांचा छापखाना होता. छपाईत बिघडलेल्या पत्रिका ते आम्हाला द्यायचे. कार्डं विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. क्रम मोडू नकोस आणि रबर लावू नकोस, कडा दुमडतात.

सलमाचा ईदचा डबा यंदाही दिवाळीत करंज्या घालून परत केला. तिचा मुलगा रिजवान कागलच्या एमआयडीसीतून घरी जाताना घेऊन गेला. करंज्या तुपातल्या आहेत ना, असं त्याच्या आईनं विचारायला सांगितलं होतं म्हणे. दरवर्षी विचारते. दरवर्षी तुपातल्याच असतात.

जेवणाची हेळसांड करू नकोस. बापाकडून डोळे तपासायचे पैसे मागून घे.

तुझी आत्या,
संयोगिता

हैदराबाद
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास क्रांतीचा सा. न. वि. वि.

पेटी पोचली. बाबांनी गाडीत ती शेजारच्या सीटवर ठेवली होती, आईला सीट मिळाली नाही तरी पेटीला मिळाली.

झोटेरोशी माझं आता जमलं आहे. पहिल्या आठवड्यात मी फक्त रडले, ते तुला लिहायचं नाही म्हणून लिहीत नाही. ग्रंथालयाच्या साइटवर पुस्तक उघडायचं, वर कोपऱ्यात एक बटण येतं ते दाबायचं, की लेखक, साल, प्रकाशक सगळं आपोआप नोंदीत येतं. लिहिताना नुसतं नाव शोधलं की तळटीप बसते आणि शेवटची संदर्भसूची आपणहून तयार होते. मराठी पुस्तकांची नावं मात्र हातानंच भरावी लागतात. एका पुस्तकाच्या लेखकाच्या जागी प्रकाशकाचा पत्ता आला होता. सगळ्यात शहाणपणाचा सल्ला गाईडनी दिला: आधी दहाच नोंदी कर, तपास, मग पुढे जा. मी अर्थात तो ऐकला नाही.

मुलाखतींसाठी यात वेगळा प्रकार आहे. त्यात दोन रकाने असतात, मुलाखत देणारीचा आणि घेणारीचा. एक नोंद नीट भरली आणि तिच्याच प्रती काढत गेले, म्हणजे तुझं नाव प्रत्येक वेळी आपोआप आलं. देणारीचं नाव, तारीख आणि मजकूर तेवढा बदलायचा. आता संगणकात तू तीनशे बारा वेळा आहेस. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलींना तू नाव शंभर वेळा लिहायला लावायचीस म्हणे. तुला तिप्पट शिक्षा झाली.

एक विचारायचं होतं. काही कार्डं निळ्या शाईत आहेत, काही हिरव्या. हिरव्यातलं अक्षर जरा तिरकं वाटतं. त्याचा काही अर्थ आहे का? म्हणजे तशी खूण मला नोंदीला लावता येईल.

हिरव्यातलं एक कार्ड मी भिंतीला चिकटवलं आहे. सुभाषनगरच्या बनाबाई सांगतात, चप्पल गिऱ्हाइकासंगं जाती, वेणी माजी जाती, पर कुनाच्या पायात हाय त्ये मला कवा ठावं न्हाय. आत्या, तू हे ऐकलंस तेव्हा पंचवीसचीही नव्हतीस.

तब्येतीला जप.

तुझी,
क्रांती

मंगळवार पेठ
२४ डिसेंबर २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाईकडे बघू नकोस, मजकुराकडे बघ. भिंतीवरचं कार्ड काढून जागेवर ठेव. गोंद कागद खातो.

थंडी फार आहे. गुडघे दुखतात. बाकी लिहिण्यासारखं नाही.

संयोगिता

हैदराबाद
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा सरळच लिहिते, तू शिकवलंस तसं.

नोंदी भरून झाल्यावर त्या तारखेप्रमाणे लावल्या. भिंतीवरचं बनाबाईंचं कार्ड १२ मे १९८८ चं निघालं, सकाळी दहा ते दुपारी एक, सुभाषनगर. आत्या, त्या दिवशी आईबाबांचं लग्न होतं. अल्बममध्ये तू करवली आहेस. बाबांच्या मागे हातात करा घेऊन उभी, कपाळावर मुंडावळ्यांइतक्याच आठ्या. मुहूर्त साडेबाराचा होता. तू बनाबाईंच्या दारात असूच शकत नाहीस.

आधी मला वाटलं, तारीख चुकली असेल. मग शाईप्रमाणे कार्डं वेगळी केली. निळी एकशे एक्केचाळीस, हिरवी एकशे एक्काहत्तर. मग १९९० चा तुझा लेख काढला, जो मी प्रत्येक प्रकरणात संदर्भ म्हणून दिला आहे. त्यातल्या चाळीस मुलाखतींपैकी तेहेतीस हिरव्या आहेत. लेखावर नाव एकच आहे.

मला कुणाला उघडं पाडायचं नाही. मी कुणाला बोलले नाही, बाबांनाही नाही. पण तोंडी परीक्षेत कुणी कार्डं बघायला मागितली तर मला उत्तर द्यावं लागेल. आणि खरं सांगते, परीक्षेचं सोड, मलाच आता ते वाचवत नाही. प्रती काढत गेले म्हणून एक खोटी गोष्ट मी एकशे एक्काहत्तर वेळा लिहिली आहे. त्या रकान्यात काय लिहू ते तू सांग. तू सांगशील तेच लिहीन, असं मात्र म्हणू शकत नाही.

रागावलीस तरी उत्तर दे.

तुझी,
क्रांती

मंगळवार पेठ
२ फेब्रुवारी २०२५

चि. क्रांतीस आशीर्वाद.

रागावले होते. तुझ्यावर नाही हे कळायला आठ दिवस गेले.

हिरवी शाई सलमाची. तिच्या वडिलांच्या छापखान्यात प्रुफं हिरव्या शाईनं तपासत, तेच पेन ती घेऊन यायची. एम.ए. आम्ही बरोबर केलं. मुलाखती बरोबर सुरू केल्या. बायका माझ्याशी जपून बोलायच्या, मी पेठेतल्या पाटलांची मुलगी. सलमा खाली बसून त्यांच्या हाताखाली चामडं धरायची. तिला सगळं सांगायच्या. तुझ्या बापाच्या लग्नालाही ती आली नाही, बनाबाईनं त्याच दिवशी बोलावलं होतं म्हणून. मी त्यावरून तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता.

एकोणनव्वद साली छापखाना बंद पडला आणि तिचं लग्न गडमुडशिंगीत झालं. जाताना कार्डं सुतळीनं बांधून माझ्याकडे दिली. म्हणाली, वर्षभरात येते, मग दोघी मिळून लिहू. वर्षात रिजवान झाला. ती आली नाही. मी लिहिलं.

संपादकांनी लेखकाचं नाव विचारलं. मी एकच लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं, विसरलेही नव्हते. पेन हातात धरून मी थोडा वेळ बसले होते, एवढं स्पष्ट आठवतं. कॉलेजात जागा निघणार होती आणि मुलाखतीला दोन उमेदवार होते. त्या लेखावर मला नोकरी लागली. पुढचं तुला माहीत आहे.

सलमा त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. पहिल्या ईदला तिच्या नवऱ्यानं शीरखुर्म्याचा डबा आणून दिला, पुढे रिजवान आणू लागला. मी धरून चालले की तिनं लेख पाहिलाच नसेल. खेड्यात कुठून येणार तो अंक. पस्तीस वर्षं हे मी स्वतःला सांगितलं आणि डबा घेतला.

एकशे एक्काहत्तर नोंदींत घेणारीच्या रकान्यात सलमाचं नाव घाल. यादी छापून मला पाठव. मी ती तिच्या हातात देणार आहे. प्रबंध जाण्याआधी तिनं ती पाहिली पाहिजे. तू आईबापांना सांगितलंस तरी चालेल.

संयोगिता

हैदराबाद
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

यादी सोबत आहे, सहा पानं. नाव एकेका नोंदीत जाऊन बदलावं लागलं, दोन दिवस गेले. लेखाच्या नोंदीत छापलेलं नाव बदलता येत नाही, ते जसं छापलं तसंच द्यायचं असतं. म्हणून पहिल्याच तळटिपेत मी खरी हकिकत दोन ओळींत लिहिली आहे. गाईडनी वाचली. फक्त तुझं वय विचारलं.

तू एकटी जाऊ नकोस असं वाटतं. मी येऊ का? सलमामावशी मायाळू आहे. ती समजून घेईल.

तुझी,
क्रांती

मंगळवार पेठ
१ एप्रिल २०२५

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

प्रबंध वेळेत दिलास हे तुझ्या बापाकडून कळलं. समाधान वाटलं.

गडमुडशिंगीला ९ मार्चला गेले. उत्तर लिहायला उशीर केला, कारण ईद होऊन जाऊ द्यायची होती.

रोजे चालू होते, त्यामुळे चहापाणी नव्हतं आणि दोघींनाही हात गुंतवायला काही नव्हतं. मी यादी पुढे ठेवली आणि झालं ते सांगितलं. पाच मिनिटांत सांगून झालं. सुनेनं, फरहीननं, चष्मा आणून दिला. सलमानं सहाच्या सहा पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. तासभर लागला असेल. पाचव्या पानावर थांबली आणि म्हणाली, ही दोनशे चार नंबरची माझी न्हाय, तुझी हाय. माझं प्यान त्या दिवशी तुझ्याजवळ हुतं. मला आठवलं. ते खरं आहे.

मग चष्मा काढून म्हणाली, लेख छापून आला तवाच वाचला हुता की. ह्यांनी कोल्हापुरास्नं अंक आणलता. मला वाटलं, संयोगिता घाईत माझं नाव लिवायला इसरली. इसरलेल्या माणसाला माफ करायला काय लागतंय? दर ईदला करत हुतो. आता तू म्हंतीस, तुला ठावं हुतं.

मी म्हटलं, होय.

तिनं यादी घडी करून मला परत दिली. फरहीननं रिक्षा बोलावली. निघताना सलमा उठली नाही. गुडघ्यांमुळे असेल, पण आजवर ती दारापर्यंत आली नाही असं झालेलं नाही.

काल ईद झाली. रिजवान दरवर्षी बाराच्या आत येतो. मी सकाळपासून दाराला कडी घातली नाही. दीडला जेवून घेतलं. चारला पुन्हा एकदा भांडी आवरली. डबा आला नाही. तो तिच्याकडेच आहे, दिवाळीत मी परत केलेला, तेव्हा मी भरून पाठवावा असंही काही माझ्याकडे नाही.

तू लिहिलं होतंस, ती समजून घेईल. तिनं समजून घेतलं.

तू चुकलीस असं मनात आणू नकोस. रकाना रिकामा ठेवला असतास किंवा माझंच नाव राहू दिलं असतंस, तर काल डबा आला असता आणि मी तो खाल्ला असता. यातलं कोणतं बरं हे मला विचारू नकोस. पुस्तक होईल तेव्हा ऋणनिर्देशात माझे आभार मानू नकोस. कार्डं मूळ सुतळीनं बांधून सलमाच्या पत्त्यावर पाठव. पेटी मला परत नको.

आणि नोंद क्रमांक दोनशे चार माझ्या नावावर कर. तेवढीच दुरुस्ती राहिली आहे. बाकी यादी बरोबर आहे.

माझ्यावरचा लोभ एकदा नीट तपासून घे. तपासूनही उरला, तर राहू दे.

तुझी आत्या,
संयोगिता