वेगळं भांडं

१० जाने. १९५५, सोम.
अंधेरीच्या डॉ.ना एक्स-रे दाखवला. उजव्या फुफ्फुसावर डाग. थुंकीचा रिपोर्ट १९ ला. तोवर रजा घ्या, भांडं वेगळं ठेवा म्हणाले. रजा कसली घेते! १८ ला इन्स्पेक्टर येणार, आठवीवर माझा इंग्रजीचा पाठ, त्यावर नोकरी कायम व्हायची. क्षय म्हटल्यावर कोण दारात उभं करील? आईला माझ्याशिवाय कोणी नाही. तिला नुसता खोकला सांगितलाय.

११, मंगळ.
घरून पेला नेला. शिक्षिकांच्या खोलीत माठावर एकच भांडं. सगळ्या वरून पितात. मला वरून प्यायलं की ठसका लागतो. जोशीबाईंनी विचारलं, "काय गं, सोवळं धरलंस?" घाबरून हो म्हटलं, आईनं नेम दिलाय म्हटलं. मागे जाधवबाई उभ्या होत्या. जूनमध्ये त्या लागल्या तेव्हा महारांच्या म्हणून जोशीबाईंनी आठवडाभर माठ सोडला होता. त्यांच्या हातून पाणी प्यायले ती मीच. आता हे काय बोलून बसले मी!

१३, गुरु.
पाठाची टिपणं. एक शब्द, दोन अर्थ, वाक्यात उपयोग. 'पेशंट': १) धीराचा, सोशिक. २) रोगी. पहिल्याची सहा वाक्यं भराभर झाली. दुसऱ्याचं एक, पुढे हात चालेना. खोकला आला. रुमाल बघायचा धीर होईना. बघितला. काही नव्हतं.

१५, शनि.
जाधवबाईंनी तिळगूळ आणला. प्रत्येकीच्या हातावर दिला. माझ्यासमोर कागद पसरून त्यावर लाडू ठेवला. "तुमचा नेम मोडायला नको, बाई." रागावल्यासुद्धा नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७, सोम.
जाधवबाईंना खरं सांगायला गेले, नुसतं बरं आहे ना विचारून परत आले. कळलं तर त्यांना हेडबाईंच्या कानावर घालावंच लागेल. मीही तेच केलं असतं. चाळीस मुली बसतात माझ्यासमोर. हा विचार आला की...

१८, मंगळ.
पाठ छान झाला. खोकला कसाबसा दाबला. इन्स्पेक्टर खूश. ते बाहेर बोलत असताना जाधवबाई माठातलं भांडं भरून वर्गात घेऊन आल्या. "घशाला कोरड पडली असेल. घेता?" जोशीबाई बघत होत्या. माझा पेला खोलीत राहिलेला. सगळ्यांच्या भांड्याला तोंड लावायचं नाही, वरून प्यायलं तर ठसका, इन्स्पेक्टर दाराशी. नको म्हटलं. त्यांनी पाणी ओतून टाकलं, भांडं विसळून पालथं घातलं.
उद्या रिपोर्ट. वाईट आला तर निदान जाधवबाईंना पेल्याचं खरं कारण कळेल, असं क्षणभर वाटलं. असं वाटलं याचीच फार भीती वाटते.