दोन अंडी आणि तिकीट

९ एप्रिल
आज परत आमची गाडी पन्नास मिनिटं बाजूच्या रुळावर उभी! ती निळी खाजगी गाडी जायची होती ना. गेली एकदाची. मी नीट बघितलं — एका डब्यात चार माणसं, त्यातला एक घोरत होता. त्याची झोप मोडू नये म्हणून आम्ही तीनशे बायका उन्हात! विकायला नेत असलेल्या टोपल्यांतल्या चीजला पाणी सुटलं. आमची शेजारीण उम्म फतूह ओरडली, "नगात, हात कर गं त्यांना! एखादा नवरा मिळेल, थंड हवेतला!" सगळ्या खिदळल्या. मी ओढणी नाकापर्यंत ओढली.

१० एप्रिल
तंता शहराच्या बाजारात कालचं पाणी सुटलेलं चीज अर्ध्या भावात गेलं. परतताना आईने पैसे तीनदा मोजले.

१२ एप्रिल
शिनूदाकाका म्हणजे आमच्या गाडीचे कंडक्टर. त्यांना सगळं ठाऊक असतं. म्हणाले, "निळ्या गाडीच्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे सरकार भरतं. करारच तसा आहे, पोरी."
"आणि आपल्या गाडीच्या रिकाम्या खुर्च्या?" आईने विचारलं.
"तो तोटा!"
वा! तीच खुर्ची. मखमल लावली की करार, फळकूट ठेवलं की तोटा.

१३ एप्रिल
प्रवासी मोजायला एक साहेब आले. हिल्मी नाव, इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. "तिकीट?" नेमकं मलाच विचारलं. माझ्याकडे कुठलं? आमच्या डब्यात कुणाकडेच नाही. शिनूदाकाका माणशी दोन अंडी घेतात, आईच्या लग्नाआधीपासून हेच चालत आलंय. हे मी साहेबांना कसं सांगू? जीभ टाळ्याला चिकटली. शाळेतही अशीच चिकटायची, म्हणून तर सातवीत शाळा सुटली.
उम्म फतूह म्हणाली, "साहेब, आम्ही काय भुतं आहोत?"
"तिकीट नाही तर प्रवासी नाही, बाई."
डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि कागदावर अख्ख्या गाडीत अकरा माणसं!

१५ एप्रिल
स्टेशनात कागद लागला. प्रवासी नाहीत, गाडी तोट्यात, एक मेपासून बंद. वीस तारखेपासून आठवडाभर शेवटची मोजणी, तीत गर्दी दिसली तरच गाडी वाचेल.
बसवाला टोपल्या घेत नाही. गाडी गेली की आमचा बाजार गेला. आई म्हणाली, "मग तुला इस्कंदरियाला पाठवावं लागेल." मावशीने त्या मोठ्या शहरात एक घर बघून ठेवलंय — धुणीभांडी, राहायचं तिथेच. परक्या घरात! मला तर पाणीसुद्धा मागता यायचं नाही.

१६ एप्रिल
मी बोलले! भर डब्यात! "आठवडाभर सगळ्यांनी तिकीट काढलं तर?"
उम्म फतूह — "दोन अंड्यांत जाणारी बाई मी, दहा पौंड मोजू?" आणि लगेच, "बरं, मोजते. मुकी पोर बोलली, त्याचा मान ठेवायला नको?"

२० एप्रिल
सगळ्यांनी काढली! शिनूदाकाका तिकिटं फाडून घामाघूम. "अंगठा सुजला! आणि घरी आमलेट बंद!" साहेबांनी दोनदा मोजलं. तोंड उघडंच.

२३ एप्रिल
उम्म फतूह रोज तिकीट साहेबांच्या नाकासमोर नाचवते. "बघा, आज मी माणूस आहे!"

२६ एप्रिल
मोजणी संपली. साहेब म्हणाले, असे आकडे या मार्गावर कधीच दिसले नव्हते. आईने आज बाजारातून माझ्यासाठी बसबूसा आणला, रव्याचा पाकातला गोड केक. अख्खा तुकडा!

२९ एप्रिल
नवा कागद. मार्गावर भरपूर गर्दी आहे, म्हणून आमची गाडी निळ्या गाडीच्या कंपनीला दिली. तिकीट पाऊणशे पौंड. टोपल्या नाहीत. आमच्या स्टेशनात थांबा नाही. हिल्मीसाहेबांनी माझं अभिनंदन केलं.
आईने माझे दोन झगे पिशवीत भरले. शनिवारची इस्कंदरियाची बस आहे.