लिफ्टशेजारील देवदूताच्या चेहऱ्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय : लिफ्टच्या दाराशेजारी रंगवलेल्या देवदूतास अर्जदाराचा चेहरा असल्याने झालेल्या गैरसोयीबाबत, तसेच येत्या गुरुवारी अर्जदारास एका दिवसापुरते तळघरातून लिफ्टमध्ये परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने मिशी काढावी, हा आपला आदेश. २) चित्रातील मिशी पुसावी, हा आपलाच दुसरा आदेश. ३) अर्जदाराची तळघरातील भांडारात बदली, हा तिसरा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवितो की, तो या रुग्णालयात वर्षानुवर्षे लिफ्टमन होता व सध्या तळघरात चादरींच्या घड्या घालतो. अर्जदाराची कोणाविरुद्धही तक्रार नाही. चित्रकाराविरुद्ध आहे, परंतु ती सवडीने ऐकली तरी चालेल.

१. दुसऱ्या मजल्यावरील बालरुग्ण विभागात मुलांना प्रसन्न वाटावे म्हणून भिंतीवर देवदूत काढण्याचे काम सदर चित्रकारास देण्यात आले होते. तो शिडी व डबे घेऊन आला त्या दिवशी तेथील भिंत नुकतीच रंगवलेली व ओली होती. डबे परत नेण्याचा कंटाळा आल्याने त्याने कोरडी भिंत शोधली, ती त्याला तळमजल्यावर लिफ्टशेजारी मिळाली. चेहरा काढताना समोर कोणीतरी स्वस्थ बसलेले लागते, असे त्याचे म्हणणे. लिफ्ट हलते, पण आतल्या स्टुलावरचा अर्जदार हलत नाही. दार उघडले की चेहरा समोर, मिटले की रंग कालवायला सवड, अशा सोयीने त्याने दुपारपर्यंत देवदूत उरकला. पांढरा झगा, दोन पंख, पायांखाली ढग, डोक्यावर पिवळे वलय आणि एक बोट वर. अर्जदाराच्या नाकावरची चामखीळही त्याने सोडली नाही.

२. वलयाबाबत चौकशीत निष्पन्न झाले ते असे. जुन्या चित्रांत वलय डोक्यामागे ताटासारखे असते, ते पूज्य माणसांचे. व्यंगचित्रांत मात्र ते डोक्यावर बांगडीसारखे तरंगते, आणि सोबत झगा, पंख व ढग असले की गडी नुकताच आटोपला, हे शेंबडे पोरही ओळखते. मग रुग्णालयात ताट सोडून बांगडी का काढली, असे आपण विचारले असता, ‘बांगडीला रंग कमी लागतो साहेब,’ असे उत्तर त्याने दिले.

३. परिणामी जे घडले ते आपण खिडकीतून पाहिलेच आहे. रुग्ण लिफ्टची वाट पाहत चित्राकडे बघत उभा राहतो. दार उघडते, तर तोच चेहरा, पांढऱ्या गणवेशात, ‘या, आत या’ म्हणत हसतो. अर्जदार हसतो तो सौजन्य म्हणून, परंतु लोकांच्या पाचावर धारण बसते. एका बाईंनी नवऱ्याला दंडाला धरून बाहेर ओढले व ‘ह्यांना अजून वेळ आहे’ असे अर्जदारास बजावले. गुडघ्याने बेजार असलेले एक गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेले आणि गुडघा आता पुष्कळ बरा आहे, असे डॉक्टरांना सांगून जिन्यानेच घरी गेले. एक वयोवृद्ध आजोबा तेवढे आनंदाने आत शिरले, पण ‘मध्ये कुठे थांबवू नकोस रे बाबा’ म्हणाले. त्यांना नुसता एक्स-रे काढायचा होता.

४. यावर आपल्या कार्यालयाने तातडीने उपाय योजले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. प्रथम वलय पुसण्याचे ठरले. पिवळा रंग पांढऱ्यातून डोकावू लागल्याने चित्रकाराने त्यावर टोपी काढली. अर्जदारही टोपीच घालतो. जे काही साम्य राहून गेले होते ते अशा रीतीने पूर्ण झाले. मग आपण अर्जदारास मिशी काढण्यास फर्मावले. अर्जदाराने तरुणपणापासून जपलेली मिशी त्याच संध्याकाळी उतरवली. दुसऱ्या दिवशी कामावर येऊन पाहतो तो चित्रातलीही मिशी गेलेली, कारण दुसऱ्या टेबलावरून चित्रकारासही आदेश गेला होता. दोन्ही कागदांवर सही आपली आहे. टोपी काढून बसावे, तर स्टुलाच्या बरोबर वर लिफ्टचा गोल दिवा, त्याचा उजेड अर्जदाराच्या टकलावर पडून खरेखुरे वलय दिसू लागले. दिवा काढला, तर अंधारात फक्त दात दिसतात, अशी परिचारिकांची तक्रार आली. शेवटी देवदूताचीच तळघरात बदली झाली. धुलाईवाले यावर काय बोलतात ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

५. आता मुख्य मुद्दा. अर्जदाराची थोरली बहीण (यापुढे ‘ताई’) हिच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर व्हायची आहे. ताई काल दाखल होण्यास आली. चित्र पाहून तिने कपाळावर हात मारला व तळमजल्यावरील बाकावर जी बसली ती अद्याप उठलेली नाही. लिफ्टमध्ये नवा लिफ्टमन पाहून ती भडकली. ‘माझा भाऊ कुठाय? तो नेईल तर जाते, नाहीतर खडे घेऊन घरी चालले,’ असे ती आल्यागेल्याला सांगत आहे. मोठ्या डॉक्टरांनाही तिने तेच सांगितले. डॉक्टरांच्या मते ती घरी गेली तर पुढच्या वेळी रडतच परत येईल, आणि उशीर झालेला असेल.

ताई कधी कोणाला घाबरली नाही, अशी तिची घरात ख्याती आहे. ती या वेळी घाबरली आहे. ती ते कबूल करणार नाही, म्हणून तिच्या वतीने अर्जदार करतो. अर्जदारही घाबरला आहे. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवले, वेळप्रसंगी बदडलेही, आणि तिला दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून खाली चादरी झटकत बसणे त्याच्याने होणार नाही.

६. सबब विनंती की :

(अ) गुरुवारी अर्जदारास लिफ्ट चालवू द्यावी. दिवा लावावा की काढावा, हे आपण ठरवावे.

(आ) चित्र पुसू नये. टोपी आहे तशी राहू द्यावी, मिशी मात्र दोघांनाही परत ठेवू द्यावी. देवदूताचा दुसरा हात रिकामा आहे, त्याचे बोट खाली दाखवावे. लिफ्टमन माणसांना खालीही आणतो, त्याला अर्धा पगार त्यासाठीच मिळतो, हे चित्रकाराच्या ध्यानात आले नाही. अर्जदाराने वर नेलेले सगळेच त्याच्या लिफ्टने परत आले असे नाही. त्यांची त्याला आठवण आहे. पण बहुतेक आले, कोणी पिशवी घेऊन, कोणी तान्हे बाळ घेऊन, आणि दारातून बाहेर पडताना बहुतेकांनी मागे वळून पाहिले नाही. त्यात अर्जदाराला आनंदच वाटत आला आहे.

ताईला वर नेण्याइतकीच परत आणण्याची परवानगी या अर्जाद्वारे मागितली आहे, असे समजावे.

आपला, तूर्त तळघरातला,
(सही)
लिफ्टमन

दिनांक : मंगळवार, दुपार. ताई अजून बाकावरच आहे.

सोबत :
१) मिशीबाबतच्या दोन्ही आदेशांच्या प्रती.
२) अर्जदार देवदूत नाही, याबद्दल ताईचे स्वहस्ताक्षरातील निवेदन. त्यात अर्जदाराने तिच्या वेण्या खुर्चीला बांधल्याचा, साखरेचा डबा वारंवार रिकामा केल्याचा आणि तिच्या लग्नाच्या दिवशी कपाटात दडून रडल्याचा तपशील आहे. शेवटची ओळ विषयास धरून नाही, पण ताई ती खोडू देत नाही : ‘तरी मला तोच पाहिजे.’